आजोबांची ठासणीची बंदूक आणि बंद पडलेली पारध

तळकोकणी:
आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. भातकापणी उरकली की तेथे गावची पारध निघत असे आणि कोणत्या वाटेवर कोणी बसायचे, ओरडून जनावर उठवणारे हाकारे कोठून सुटायचे, हे ठरवण्याचा मान पणजोबांपासून आमच्या घराकडे होता. डुक्कर पडले की पहिला वाटा ग्रामदेवतेचा, मग ज्याचा बार लागला त्याचा, मग हाकाऱ्यांचा, आणि कुत्र्याच्या धन्याला कुत्र्याचा वाटा वेगळा मिळे. आजारपणामुळे घरी राहिलेल्यांच्या दारीही पानात बांधलेले मटण पोचत असे. वडिलांनी हे लहानपणी पाहिले, मी फक्त ऐकले. गेल्या महिन्यात वडील गेले. आता घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आणि आजोबांनी १९७२ पूर्वी मारलेल्या बिबट्याचे कातडे उरले आहे. चुलत भाऊ म्हणतो की डुकरे भाताची नासाडी करतच आहेत, तेव्हा परवाना आपल्या नावे करून रीतसर परवानगीने पारध पुन्हा सुरू करावी. हे शक्य आहे का?

कलमबहाद्दर:
वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. प्रथम बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, कारण परवाना ज्याच्या नावे होता तो गेल्यावर ती घरात ठेवता येत नाही. वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज मात्र करता येतो. कातड्याची घाई अधिक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ४० प्रमाणे वारशाने आलेल्या अशा वस्तूची माहिती ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावी लागते. आजोबांच्या वेळचे मालकी प्रमाणपत्र कपाटात सापडते का ते पाहा. कातडे नकोच असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२अ प्रमाणे ते स्वेच्छेने शासनाकडे सोपवता येते. त्याचा मोबदला मिळत नाही.

पारधीचे उत्तर नाही असेच आहे. रानडुक्कर आज याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे आणि पिकाला उपद्रव होत असल्यास कलम ११ खाली लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी मिळू शकते, परंतु अशा परवानगीने मारलेला प्राणीही कलम ३९ प्रमाणे राज्य शासनाच्या मालकीचा होतो. म्हणजे बार काढता येईल, वाटा घालता येणार नाही. आणि तुम्ही जे वर्णन केले आहे त्यात बारापेक्षा वाटाच मोठा दिसतो.

रानतित्तर:
मी फासेपारधी घरातला आहे. माझे आजोबा सोडलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाच्या कळपाजवळ जात आणि फास मांडत. नर तित्तराची साद अशी घालत की समोरून उत्तर येई. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा पुढे मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि तो १९५२ साली रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की चौकशी आमच्याच पालावर येत राहिली. तुमच्या घरी पारध हा मान होता, आमच्या घरी तेच पोट होते आणि तोच आरोप. तुमच्यावर राग नाही. फक्त ‘परंपरा’ हा शब्द सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही, एवढे चुलत भावाला जरूर सांगावे.

भातखाचर:
कायदा समजला. पण ज्याचे खाचर एका रात्रीत लोळवले जाते, त्याने काय करावे? आमच्याकडे पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलेही जाते. मला वाटा नको, पारध नको, भात हवा आहे.

कलमबहाद्दर:
भातखाचर, तुमची तक्रार रास्त आहे. नुकसान दिसताच छायाचित्रे काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगण्याला पुढे काही आधार राहत नाही.

तळकोकणी:
सर्वांचे आभार. काल बंदूक जमा करून पावती घेतली. जुन्या पेटीत १९७३ च्या तारखेचा वनखात्याचा एक कागद सापडला आहे. तो मालकी प्रमाणपत्र आहे की नुसत्या अर्जाची पोच, हे सोमवारी कार्यालयात जाऊन विचारणार आहे. रानतित्तर, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने विचारले की आमच्या पारधीत हाकाऱ्याला कोण जात असे. मला ते ठाऊक नव्हते. आत्याला विचारल्यावर तिने जी घरे सांगितली, त्यांतल्या एकाही घरी बंदूक नव्हती.