बेअर क्रीकच्या दरीतील खाणींची वाट: वडिलांना न्यावे का?

प्रश्न
नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून जुलैमध्ये पुण्याहून आमच्याकडे डेन्व्हरला येत आहेत. सह्याद्रीतले बरेच गड त्यांनी पायी पाहिलेले असल्याने घसारा आणि कड्यालगतची वाट त्यांना नवीन नाही. कोलोरॅडोतील युरे गावाजवळच्या बेअर क्रीक या ओढ्याच्या दरीतील वाटेवरील ग्रिझली बेअर आणि यलो जॅकेट या जुन्या खाणी त्यांना दाखवाव्यात, असे फार मनात आहे. वाट कितपत अवघड आहे?

उत्तर १
आम्ही दोघे गेल्या वर्षी जाऊन आलो. युरेच्या दक्षिणेस, सुमारे तीन किलोमीटरवर, महामार्गाच्या बोगद्यापासून वाट सुरू होते आणि त्याच बोगद्याच्या माथ्यावरून पलीकडे जाते. सुरुवातीची नागमोडी चढण पाटीच्या दगडाच्या सुट्या कपच्यांवरून आहे. उतरताना तिथेच पाय घसरतो, म्हणून काठी न्यावी. पुढे मात्र, एकोणिसाव्या शतकात खाणीवाल्यांनी खेचरांची ये-जा व्हावी म्हणून सुरुंग लावून कड्यात कोरून काढलेली अरुंद पट्टी लागते, जिच्या एका अंगाला उभा खडक आणि दुसऱ्या अंगाला खोल दरी असून कठडा कुठेही नाही. वडिलांचे डोळे फिरत नसतील, तर ही पट्टी हाच साऱ्या वाटेचा आनंद आहे. ग्रिझली बेअरपर्यंत साधारण चार किलोमीटर होतात. तिथली गंजलेली यंत्रे पाहून परतावे, असे मला वाटते.

उत्तर २
वाटेपेक्षा मला उंचीची काळजी अधिक वाटते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, तर युरे गावच सुमारे २,३७५ मीटरवर आहे आणि यलो जॅकेट जवळजवळ ३,४०० मीटरवर. गावात दोन रात्री तरी राहून मगच चढावे. जुलैत दुपारी विजांचा पाऊस होतो, तेव्हा उजाडताच निघावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. ग्रिझली बेअरलाच थांबू. तिथे खाणीत थोडे आत जाता येईल का? ओढ्याचे पाणी गाळून प्यावे का?

उत्तर १
आत मुळीच जाऊ नये. आधाराची लाकडे कुजलेली असतात आणि आतली हवा श्वास घेण्याजोगी असेलच असे नाही. अवशेषांतला खिळाही उचलू नये. अमेरिकी संघराज्य सरकारच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या पुरातत्त्वीय वस्तूंच्या कायद्याचे संरक्षण आहे. पाणी घरूनच न्यावे, कारण खाणींतून विरघळून आलेले धातू उकळून जात नाहीत आणि साध्या गाळणीनेही निघत नाहीत.