सोसायटीच्या इतिवृत्तात "नेपाळी भाडेकरू नको" हे मी कसं लिहू?

गच्चीवरची_काकी:
रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या बाजूला आमची बारा फ्लॅटची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. गेल्या महिन्यात गच्चीवरचे तीन पितळी नळ चोरीला गेले. पहाटे जिन्यातून पाणी वाहत खाली आलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, "तळमजल्यावरच्या नेपाळ्याला विचारा." कोणी काही पाहिलेलं नाही. रविवारी सभा आहे, "यापुढे नेपाळी भाडेकरू ठेवू नये" असा ठराव येणार आहे आणि इतिवृत्त मला लिहायचंय.

तो मिरकरवाड्याला एका बोटीवर खलाशी आहे. बायको दोन घरची भांडी करते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेव्हा तो गावी जातो. या मायलेकी शाळेसाठी इथेच राहतात. मुलगी चौथीत, नगरपरिषदेच्या शाळेत. माझ्याकडे पाढे म्हणायला येते. एकोणतिसाच्या पाढ्याला अडकली की म्हणते, "थांब गो काकी, सांगू नको."

पण मला खरं टोचतंय ते दुसरंच. थंडीत तिच्या आईने गच्चीत मुळ्याचा पाला वाळत घातला होता. गुंद्रुक म्हणतात त्याला. पाला आंबवायचा, कडक वाळवायचा आणि त्याचं आंबट सार करायचं. वासाची तक्रार आली, आणि मीच वर जाऊन सांगितलं, "तुमच्या लोकांचं हे इथे चालायचं नाही." शेजारच्याच चादरीवर माझे सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, वाळत होते. ती काही बोलली नाही. चादरीची चार टोकं गोळा केली आणि पाला पोटाशी धरून जिना उतरली. "तुमच्या लोकांचं" हे माझ्या तोंडून गेलं ते गेलंच. आता तेच सोसायटीच्या वहीत माझ्या अक्षरात उतरणार. सभेत काय बोलू? या अकरा घरांशी मला वैर नकोय, इथेच राहायचंय.

कलमवाला_पावस:
ताई, माझ्या बागेत कित्येक वर्षं नेपाळी राखणदार आहेत. मोहोरापासून ते आंबा उतरेपर्यंत बागेतच झोपडी करून राहतात. फवारणी, वानर हाकणं, रात्रीची राखण सगळं त्यांच्याकडे. एका वर्षी एकजण चाळीस हजारांची उचल घेऊन निघून गेला. पुढची तीन-चार वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो, "नेपाळ्यांना उचल देऊ नका." त्याच हंगामात एका दलालाने माझे याच्या तिप्पट पैसे बुडवले. तो आपल्यातलाच. त्याच्याबद्दल बोलताना मी फक्त त्याचं नाव घ्यायचो, त्याच्या गावाचं, जातीचं नाही. हे माझ्या मुलाने एकदा जेवताना बोलून दाखवलं. मला उत्तर देता आलं नाही.

अजून एक. "नेपाळी म्हणजे इमानदार" असंही सभेत बोलू नका. मी तेही बोलत आलोय. अख्ख्या मुलखाला इमानदार ठरवलं की प्रत्येकाला रोज इमान सिद्ध करत बसावं लागतं, आणि काही हरवलं की पहिला त्यालाच बोलावणं जातं. हा माणूस तुमच्याकडे किती वर्षं आहे, भाडं वेळेवर देतो का, एवढंच बोला.

राजापूरची:
आम्ही कोकणी मुसलमान. मुंबईत घर शोधत होते तेव्हा फोनवर माझं बोलणं ऐकून मालक खूश व्हायचे, "अरे वा, गाववाली!" नाव सांगितलं की "घरात विचारून कळवतो." सात घरं अशी गेली. कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी समोर नव्हतं. आठव्या घराच्या मालकीणबाईंनी विचारलं, "पाणी सकाळी सहाला येतं, उठशील ना?" मला रडू आलं होतं.

काकी, एक विनंती. तिला सभेला बोलावून "मी चोरी केली नाही" असं म्हणायला लावू नका. चांगल्या मनाची माणसंच हे करतात. उद्या चोर सापडला तरी बारा घरांसमोर उभं राहिल्याचं तिच्या मुलीच्या लक्षात राहील.

निवृत्त_लेखनिक:
कायद्याचं थोडक्यात सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती सोसायटीकडे द्यावी लागते, आणि ती प्रत्येक भाडेकरूची, मग तो चिपळूणचा का असेना. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी नागरिक इथे राहू शकतात, काम करू शकतात.

आणि थिबा पॅलेसच्या बाजूला राहता म्हणून आठवण करून देतो. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची नात टुटू इथेच संसार करून म्हातारी झाली, मराठी बोलायची. माझ्या आईच्या पिढीतली माणसं तिच्याबद्दल शेजारणीसारखं बोलायची.

गच्चीवरची_काकी:
सगळ्यांचे आभार. राजापूरची, मी तिला सभेला बोलावणारच होते. बरं झालं लिहिलंत.

संध्याकाळी खाली जाऊन आले. गच्चीतल्या त्या दिवसाची माफी मागितली. ती म्हणाली, "दिदी, वाया नाही गेलं. पंख्याखाली वाळवलं." डबा उघडून दाखवला, दोन मुठी काळपट पाला होता. त्यातला एक मूठ कागदात बांधून दिला. टोमॅटो घालून सार कर म्हणाली.

अध्यक्षांना फोन करून सांगितलं की ठराव आला तर माझा विरोध नावानिशी नोंदवणार. ते म्हणाले, "मग चोरीचं काय?" तेव्हा लक्षात आलं, महिना झाला, चोरीची तक्रार आपल्यापैकी कोणी पोलिसांत दिलेलीच नाही. गच्चीच्या दाराला कुलूपही नाही. उद्या सकाळी तक्रार देऊन येते, कुलूप येताना घेते.