'थ्रस्ट'ला दाब म्हणावं, शक्ती म्हणावं की आणखी काही?

प्रश्न: नववीच्या मुलांना बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय दाखवायला न्यायचं आहे. सोबत द्यायला मराठीतून टिपण लिहितेय. 'थ्रस्ट'साठी एका ठिकाणी 'दाब' वाचलं, दुसरीकडे 'शक्ती'. कोणता शब्द घेऊ?

उत्तर: दोन्ही नकोत, 'रेटा' घ्या. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल आणि शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, हे मुलं पाठ्यपुस्तकात शिकतात. तेच शब्द इथे वापरले तर गोंधळ ठरलेला. थ्रस्ट हे बल आहे. इंजिन हवेला मागे लोटतं, हवा विमानाला पुढे रेटते. वल्ह्याने पाणी मागे सारलं की होडी पुढे जाते, तसंच. चाकांना इंजिन जोडलेलं नसतं, धावपट्टीवरही विमान या रेट्यानेच धावतं. हे टिपणात आवर्जून घाला, मोठ्यांनाही ठाऊक नसतं.

शक्ती आणि रेटा यांतला फरक तुम्हाला तिथे प्रत्यक्ष दाखवता येईल. अलिझे या प्रॉपेलरच्या विमानाचं डार्ट इंजिन बहुतेक ताकद प्रॉपेलर फिरवण्यात खर्च करतं, म्हणून ते सुमारे २,००० अश्वशक्तीचं असं सांगतात. सी हॉक या जेट विमानाच्या नीन इंजिनात तापलेला झोतच रेटा देतो, म्हणून त्याचा आकडा बलाचा, २२-२३ किलोन्यूटन. सी हॉकच्या पंखांच्या मुळाशी मागून बघायला सांगा. इंजिन एकच, पण झोताची तोंडं दोन, डावीउजवीकडे. सी हॅरिअरला चार आहेत: पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोहोंतून तापलेले वायू. ती खाली वळवली की रेटा वरच्या दिशेने मिळतो. सुपर कॉन्स्टेलेशनची चारही इंजिनं मात्र दट्ट्यांची (पिस्टनची), एकेकात १८ सिलिंडर.

आणि 'पंख' व 'पंखा' जपून लिहा. 'पंखाला' आणि 'पंख्याला' यांत एका जोडाक्षराचाच फरक. प्रॉपेलरला प्रॉपेलरच राहू द्या, 'पंखा' जेट इंजिनातल्या फॅनसाठी ठेवा.

पुन्हा प्रश्न: उत्तम, 'रेटा'च घेते. मग दाबोळीला विमान उतरल्यावर एकदम आवाज वाढतो, तो 'उलटा रेटा' ना? तेव्हा इंजिन उलटं फिरवतात असं मुलं म्हणतात.

उत्तर: 'उलटा रेटा' अगदी बरोबर, पण इंजिन उलटं फिरत नाही. ए३२० निओ या प्रवासी जेटचा पंखा जी हवा ओढतो, तिचा फार मोठा भाग इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून बाहेरूनच मागे जातो. उतरल्यावर इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग मागे सरकतो, ही बाहेरची हवा आत अडते आणि फटींतून तिरकी पुढे फेकली जाते. गाभ्यातला झोत मागेच जात राहतो. एटीआर या प्रॉपेलरवाल्या प्रवासी विमानात प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन पालटतो, फिरण्याची दिशा तीच. पंखाच्या थोडं पुढे खिडकीची जागा मिळाली, तर ते आवरण सरकताना मुलांना स्वतःलाच दिसेल.