मदत हवी आहे: लॅपटॉपशिवाय स्पिती, कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो एसएसडीत (पोर्टेबल ड्राइव्हमध्ये) कसे न्यावेत?

सोबत फक्त दहाव्या पिढीचा आयपॅड. त्याचं यूएसबी-सी पोर्ट २.० वेगाचं, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी. ६४ जीबीच्या भरलेल्या कार्डाला अर्धा तास लागणारच, ते चालेल. एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलीय, कारण विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर आयपॅड लिहीत नाही.

अडचण विजेची. यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक करणारा जोड) कार्ड आणि एसएसडी एकत्र लावले की कॉपी चालू असतानाच एसएसडी गायब होते. हबच्या पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जिंगच्या) पोर्टला २० वॅटचा चार्जर दिला की टिकते, पण होमस्टेत वीज गेली तर? पीडी पॉवर बँक चालेल का, किती वॅटची घ्यावी?

शिवाय कार्ड पुसण्याआधी कॉपी नीट झाली का, हे फायलींची संख्या आणि साइज जुळवण्यापलीकडे कसं तपासता? ‘क्लाउडवर टाका’ कृपया सांगू नका, तिथे रेंजचीच बोंब असते.