अमूर्त रेखाचित्र कुठे थांबवावे?

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी असून सध्या कोळशाने एक अमूर्त रेखाचित्र करत आहे. सुरुवात वाळलेल्या फांदीच्या अभ्यासाने केली. पुढे फांदी वगळून काटक्यांमधल्या मोकळ्या जागांचे आकार तेवढे ठेवले. आता कागद भरत आला आहे, तरी चित्र पूर्ण झाले की नाही हे ठरत नाही. आपण हे कसे ठरवता?

उत्तर : आपली सुरुवात मला फार आवडली. डच चित्रकार पीट मोंद्रियान यांनीही झाड हाच विषय पुन्हा पुन्हा हाताळला. त्यांच्या १९११ च्या करड्या झाडात खोड आणि फांद्या स्पष्ट ओळखू येतात, तर १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात मुख्यतः एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषाच उरतात. प्रत्येक टप्प्याला त्यांनी स्वतंत्र चित्र दिले, म्हणून आपणही सगळे एकाच कागदावर उरकू नये.

दुसरे उत्तर : कागद उलटा करून भिंतीला लावा आणि दुरून डोळे किलकिले करून पाहा. जिथे काळेपणा सर्वत्र सारखा झाला असेल, तिथला कोळसा मऊ, मळता येणाऱ्या खोडरबराने दाबून उचला. घासल्यास भुकटी कागदाच्या तंतूंत शिरते आणि मूळ पांढरेपणा सहसा परत मिळत नाही.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. उलट्या कागदावर डावा कोपरा जड दिसतो आहे. तो हलका करण्याआधी फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का बसवणारा फवारा) फवारावे का?

दुसरे उत्तर : नको. फवारल्यावर कोळसा सहज उचलला जात नाही, त्यामुळे आधी कोपरा हलका करा.