'भाडेकरूच हप्ता भरतो' हे सांगणं आता थांबवा

थेम्सकाठ (धागाकर्ती)

परवा आमच्या रेडिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरली. सांगणं असं, की इंग्लंडात नोकरी करणाऱ्याने २५ टक्के डिपॉझिट (किमतीतला स्वतःचा वाटा) जमवावं, बाय-टू-लेट मॉर्गेज, म्हणजे भाड्याने द्यायच्या घरासाठीचं कर्ज, काढावं, हप्ता भाडेकरूच भरतो आणि वीस वर्षांनी घर फुकटात आपलं. खाली अंगठ्यांची रांग. ग्रुपवर उलट बोललं की वाईटपणा येतो, म्हणून इथे लिहिते.

हे कर्ज बहुतेक वेळा इंटरेस्ट-ओन्ली असतं. भाडेकरू भरतो ते व्याज. वीस वर्षांनी मुद्दल जिथल्या तिथे असतं. मग घर फुकटात कसं पडलं?

आकडेच मांडते. घर २,४०,००० पौंडांचं. डिपॉझिट ६०,०००. स्टँप ड्यूटी, दुसऱ्या घराचे जादा ५ टक्के धरून, १४,३००. कर्ज १,८०,०००, ५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ९,०००. भाडं महिना १,२५०, म्हणजे वर्षाला १५,०००. एजंट, विमा, गॅस सर्टिफिकेट, किरकोळ दुरुस्त्या यांत ३,००० गेले. उरले १२,०००, व्याज भरून ३,०००. पोस्ट इथेच थांबते.

पण सेक्शन २४ हा करनियम पूर्ण लागू झाल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, स्वतःच्या नावावरच्या घराचं व्याज खर्च म्हणून वजा होत नाही. तुम्ही ४० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर कर सगळ्या १२,००० वर, म्हणजे ४,८००. त्यातून व्याजाच्या २० टक्के, १,८०० ची सूट. कर ३,०००. हातात शून्य. ७४,३०० पौंड अडकवून शून्य, आणि बॉयलर गेला तर खिशातून. एप्रिल २०२७ पासून भाड्यावर ४२ टक्के कर आणि २२ टक्के सूट. तेव्हा याच घरात वर्षाला ६० पौंड पदरचे घालायचे.

सगळ्यात खटकतं ते हे, की असं घर लेंडरच्या (कर्ज देणाऱ्याच्या) कसोटीला व्यवस्थित उतरतं. ५.५ टक्क्यांनी व्याज धरा, ९,९००. त्याच्या १४५ टक्के, १४,३५५, एवढं तरी भाडं हवं. भाडं १५,०००. ब्रोकर सांगतो, झालं काम. ती कसोटी लेंडरचं व्याज सुटतं का ते बघते. तुमच्या ताटात काय उरतं ते बघायला तिथे कोणी बसलेलं नाही.

हॅरोकर

गणित बरोबर, निष्कर्ष चूक. घराची किंमत वाढते हे तुम्ही धरलेलंच नाही. वर्षाला नुसती ३ टक्के वाढ धरा. २,४०,००० वर ७,२०० होतात, आणि तुमचे अडकलेत ७४,३००. उधारीच्या पैशावरची वाढसुद्धा तुमचीच असते, हाच तर या कर्जाचा अर्थ आहे. मुद्दल जिथल्या तिथे म्हणता, पण वीस वर्षांत महागाई त्याच मुद्दलाची किंमत किती खाली आणते?

मी पहिलं घर २००९ मध्ये घेतलं. बँक ऑफ इंग्लंडचा बेस रेट अर्ध्या टक्क्यावर होता, माझा ट्रॅकर होता, म्हणजे बेस रेटबरोबर हलणारं कर्ज. लोक तेव्हाही म्हणाले, बाजार कोसळलाय, वेडा आहेस. त्या घराच्या जिवावर दोन मुलांची युनिव्हर्सिटी झाली, एक पौंडाचं स्टुडंट लोन न काढता. आपल्या लोकांना घाबरवणं सोपं आहे. तुम्ही तेच करताय.

थेम्सकाठ

काका, तुमचं अभिनंदन मनापासून. पण २००९ चा अनुभव आजच्या माणसाला सल्ला म्हणून देऊ नका. तेव्हा व्याज पूर्ण वजा व्हायचं. जादा स्टँप ड्यूटी आली एप्रिल २०१६ मध्ये, तीही ३ टक्के, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ५. तुमच्या ७,२०० वर विकताना वरच्या स्लॅबला २४ टक्के कॅपिटल गेन्स कर आहे, करमुक्त मर्यादा आता फक्त ३,०००. आणि २०२२ च्या मिनी बजेटने व्याजदर उसळल्यावर ज्यांचे दोन वर्षांचे फिक्स (ठरावीक दर) संपले त्यांना विचारा. दीड-दोन टक्क्यांवरून थेट पाच-सहा. भाडं तेवढं वाढलं का? माझ्या ओळखीतल्या दोघांनी त्याच वर्षी घर विकलं.

आकडेमोड

स्वतःच्या नावावर घ्यायचं कशाला? कंपनी काढा. घर घेण्यापुरती लिमिटेड कंपनी, त्यात व्याज पूर्ण खर्च म्हणून धरतात. हेच घर कंपनीत टाकून बघा. दर थोडा चढा, ५.५ टक्के धरू, व्याज ९,९००. अकाउंटंटचे ९००. नफा १,२००, त्यावर १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स २२८. उरले ९७२. थोडे आहेत, पण शून्य नाहीत. आणि तुमची ६०,००० ची डिपॉझिट तुम्ही कंपनीला कर्जाऊ दिलेली असते. ती परत घेताना कर नाही. म्हणजे पहिली कित्येक वर्षं उरेल ते बिनकराचं काढता येतं.

फक्त दोन गोष्टी डोक्यात ठेवा. लेंडर तुमची वैयक्तिक गॅरंटी घेतोच, त्यामुळे 'कंपनी बुडाली तर मी सुटलो' असं काही नसतं. आणि नावावर असलेलं घर नंतर कंपनीत ढकलायचं म्हटलं तर कायद्याच्या लेखी ती विक्रीच. स्टँप ड्यूटी पुन्हा, कॅपिटल गेन्सही. ठरवायचं ते ऑफर देण्याआधी.

थेम्सकाठ

कंपनीचं मान्य. पण मग पोस्टमध्ये ते लिहा ना! ९७२ पौंडांसाठी दरवर्षी कंपनीचे हिशेब भरायचे, वर गॅरंटी, आणि लेंडरची फी बऱ्याचदा कर्जाच्या टक्केवारीत. ३ टक्के म्हटलं तर ५,४००. ती कर्जातच मिळवतात, म्हणून कुणाला जाणवत नाही.

मावळसूर्य

एक लाख पौंड उत्पन्नाच्या खड्ड्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? आमच्या घरची गोष्ट. बायकोचा लग्नाआधीचा फ्लॅट तिच्याच नावावर, भाड्याने दिलेला. पगार ९२,०००. व्याज भरून फ्लॅटमधून तिच्या हातात जेमतेम काही येतं, पण एचएमआरसीच्या (इथल्या कर खात्याच्या) लेखी व्याजाआधीचे १२,००० तिचं उत्पन्न. झाले १,०४,०००. एक लाखाची रेघ ओलांडली की टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (मुलं सांभाळण्याच्या खर्चाला सरकारी मदत) बंद, नर्सरीचे फुकट ३० तास बंद, वर पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्न) कापायला सुरुवात. जे पैसे हातात आलेच नाहीत त्यांच्यामुळे नर्सरीचं बिल आभाळाला. शेवटी पेन्शनमध्ये जादा भरून आकडा रेघेखाली आणला. आयटीतल्या प्रत्येक जोडप्याने घर बघायला जाण्याआधी हे बघावं.

परतलेला

मी पुण्यात परत आलो, मिल्टन कीन्सचं राहतं घर भाड्याने दिलं. लेंडरकडून कन्सेंट टू लेट, म्हणजे भाड्याने द्यायची परवानगी, घेतली, विमा बदलला. माझ्या ओळखीतले कितीतरी जण हे करतच नाहीत. साध्या मॉर्गेजवर घर भाड्याने देऊन विमानात बसतात. आग लागली आणि विमा कंपनीने हात वर केले तर काय? परदेशात राहणाऱ्याच्या भाड्यातून एजंटला २० टक्के कर कापावा लागतो, आधी एचएमआरसीकडे एनआरएल१ फॉर्म भरून मंजुरी घेतली तरच पूर्ण भाडं येतं.

आणि ज्यांना वाटतं इंग्लंडात शून्य तर पुण्यात घेऊ, त्यांनीही हिशेब करा. बाणेरला सव्वा कोटीच्या फ्लॅटला भाडं ३५,०००. वर्षाचं सव्वातीन-साडेतीन टक्के. गृहकर्जाचा दर त्याच्या दुपटीच्या वर. व्याजाचा तोटा पगारातून वजा करायचा तर मर्यादा वर्षाला २ लाख, तीही फक्त जुन्या कररचनेत.

गोदावरी

सगळ्यांचे नफे-तोटे वाचले. आता भाडेकरूचं ऐका, जो तुमचे हप्ते भरतो.

नर्स म्हणून इथे आले. पगार पक्का, हॉस्पिटलचं पत्र हातात. तरी क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून जो तो म्हणाला सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. महिना १,१०० म्हणजे ६,६००, वर डिपॉझिट. गावाकडे आईने दागिने ठेवून पैसे पाठवले. घरमालक परका नव्हता, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला मराठी माणूस. घर सोडलं तेव्हा भिंतीवरच्या बुरशीचे पैसे म्हणून डिपॉझिट कापली. बुरशी मी आणली? पहिल्या थंडीतच फोटो पाठवले होते, 'खिडक्या उघडत जा' एवढंच उत्तर आलं. नंतर कळलं, डिपॉझिट कुठल्या सरकारमान्य डिपॉझिट स्कीममध्ये ठेवलेलीच नव्हती. तेव्हा हातात ९७२ येतात की शून्य, हे ऐकून मला कुणाची दया येत नाही.

हॅरोकर

अगं, सगळे घरमालक तसे नसतात. नव्याने आलेल्याची काहीच माहिती मिळत नाही. आधीचा घरमालक नाही, क्रेडिट नाही. तो दोन महिन्यांत भाडं थकवून गेला तर माझं व्याज कोण भरणार? आगाऊ भाडं हा एकच आधार होता. आता १ मे २०२६ पासून तेही गेलं. करार होण्याआधी भाडं घ्यायचंच नाही, नंतर जास्तीत जास्त एका महिन्याचं. कारण न देता घर खाली करून घ्यायचं सेक्शन २१ पण गेलं. याने तुमच्यासारख्यांचंच नुकसान आहे. लोक इथला गॅरंटर मागतील, आणि काल विमानातून उतरलेल्याला इथला गॅरंटर कुठून मिळणार?

गोदावरी

मला अगंतुगं करू नका, आपली ओळख नाही.

आणि आमच्या भल्याचं बोलू नका. आगाऊ भाडं हा 'आधार' ज्याच्याकडे ६,६०० आहेत त्याच्यासाठी. माझ्या वॉर्डातल्या दोन मुली तेवढे नाहीत म्हणून एका खोलीत राहिल्या, शिफ्ट उलटसुलट लावून, एक झोपली की दुसरी कामावर. नोकरीचं पत्र, पगाराची स्लिप, व्हिसा, सगळं दाखवायला तयार असताना गॅरंटर कशाला? भाडं बुडण्याचा विमा मिळतो, तो काढा. धंदा तुमचा, जोखीम पण तुमची.

हॅरोकर

ठीक आहे, 'तुम्ही' म्हणतो. पण धंद्यात गिऱ्हाईक निवडायचा हक्क असतो. भाडं थकलं तर कोर्टातून घर परत मिळेपर्यंत महिने जातात, लेंडर एक महिना थांबत नाही. हे ज्याने भोगलं नाही त्याने मला जोखीम शिकवू नये.

मावळसूर्य

दोघांनी जरा दमाने घ्या. गोदावरीताईंचा डिपॉझिटचा मुद्दा वेगळा आहे, त्यात घरमालकाला कसलीच सबब नाही.

थेम्सकाठ

मी धागा मूळ विषयावर आणणार होते, पण हे अवांतर नाहीच. जो घरमालक ७५ टक्के कर्जावर शून्य उरणारं घर घेतो, त्याला एक रिकामा महिनासुद्धा परवडत नाही. १,२५० गेले की वर्षच तोट्यात. म्हणून तो आगाऊ भाडं मागतो, म्हणून बुरशीवर एक्स्ट्रॅक्टर फॅन बसवायचे दोन-तीनशे पौंड त्याला जड जातात, म्हणून डिपॉझिटवर हात मारतो. आणि हप्ते फारच थकले तर लेंडर रिसीव्हर, म्हणजे घर ताब्यात घेऊन भाडं वसूल करणारा माणूस, नेमू शकतो. मग भाडेकरूला एक दिवस पत्र येतं की उद्यापासून भाडं आमच्याकडे भरा. ज्याच्या घरात कुणी राहतंय त्याच्या गाठीला सहा महिन्यांचा खर्च वेगळा हवा. तो नसेल तर मॉर्गेज मिळतंय म्हणून घर घेऊ नये. लेंडर विचारत नाही, आपण विचारावं. घरमालकाला माझी विनंती एवढीच आहे.

आकडेमोड

याला पूर्ण सहमत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी राखीव पैसे विचारतो, कंपनीचं नंतर.

हॅरोकर

राखीव पैसे हवेत, याला कोण नाही म्हणतंय? माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होते. ४० टक्क्यांच्या स्लॅबमधल्याने आज स्वतःच्या नावावर, एवढं कर्ज काढून घेऊ नये, हेही मान्य. पण बाय-टू-लेटच वाईट म्हणाल तर मी मानणार नाही. ४० टक्के डिपॉझिट टाकून, बायको कमी स्लॅबमध्ये असेल तर तिच्या नावावर, असं करणाऱ्याचं गणित आजही बसतं.

थेम्सकाठ

४० टक्के म्हणजे ९६,०००, वर १४,३००. ती पोस्ट ज्यांच्यासाठी फिरतेय त्यांच्याकडे एवढे असते तर त्यांनी आधी स्वतःच्या घराचं मॉर्गेज फेडलं असतं.

हॅरोकर

असेल. ज्याचं त्याने बघावं.

गोदावरीताई, आगाऊ भाड्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत स्कीममध्ये टाकली नसेल तर तुमच्या घरमालकाने सरळ कायदा मोडलाय, आणि अशांमुळेच आम्हा बाकीच्यांना बोल लागतो. कोर्ट डिपॉझिट सगळी किंवा काही परत द्यायला सांगू शकतं, वर तिच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावतं. घर सोडलेलं असलं तरी दावा करता येतो, सहा वर्षांची मुदत असते. आधी तिन्ही स्कीमच्या साइटवर आपलं नाव आणि पत्ता टाकून खात्री करा. करार, पैसे भरल्याचं बँक स्टेटमेंट आणि ते बुरशीचे फोटो एकत्र काढा. मग त्याला १४ दिवसांची मुदत देऊन पत्र पाठवा. उत्तर नाही आलं तर काऊंटी कोर्टात दाव्याचा एन२०८ फॉर्म. अडलं तर मला मेसेज करा, फॉर्म मी बघून देतो.

गोदावरी

करार आणि स्टेटमेंट आहे. फोटो जुन्या फोनमध्ये आहेत, रविवारी सुट्टी आहे तेव्हा काढते. मेसेज करते.