पेपर परत आला म्हणून जर्नलला शिव्या? सूचना वाचल्या होत्या का?

मुळाक्षर
परवा तळटीप यांनी इथे लिहिलं की टेक्निकल कम्युनिकेशनची (मॅन्युअल्स, सूचना, मदत-पानं कशी लिहावीत या विषयाची) जर्नल्स म्हणजे अमेरिकेतल्या चार प्राध्यापकांची भिशी, आपलं आडनाव दिसलं की पेपर परत. पुरावा एवढाच की त्यांचा पेपर नवव्या दिवशी परत आला. खाली '+१'ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी सोळा वर्षं पुण्यात मॅन्युअल्स लिहितेय. आपल्या धंद्याचं पेटंट रडगाणं काय? 'लोक मॅन्युअल वाचत नाहीत.' खोकं उघडतात, वायर खुपसतात, मग हेल्पलाइनला फोन. आता तळटीप सरांनी स्वतःच दिलेली माहिती बघा. विषय: इंजिनिअरिंगच्या मुलांची संवादकौशल्ये. साठ मुलांना गूगल फॉर्म, सात पाय चार्ट, शेवटी 'संवादकौशल्य ही काळाची गरज आहे'. यात टेक्निकल कम्युनिकेशन कुठंय? नवव्या दिवशी परत आला म्हणजे तो रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांपर्यंत, गेलाच नाही. संपादकाने उंबऱ्यावरूनच परत पाठवला.

या क्षेत्रातल्या प्रत्येक जर्नलची आपापली शिस्त आहे. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेचं 'ट्रान्झॅक्शन्स ऑन प्रोफेशनल कम्युनिकेशन' घ्या. १९५८ पासून निघतंय. तिथे सारांश एकसलग परिच्छेदात चालत नाही. पार्श्वभूमी, आधीचं संशोधन, प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, असा मथळ्यांखाली तोडून द्यावा लागतो. एसटीसीच्या (सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, या धंद्यातल्या लोकांची अमेरिकेतली संस्था) 'टेक्निकल कम्युनिकेशन' या जर्नलला सारांशाखाली वेगळे मुद्दे लागायचे, की रोज काम करणाऱ्या माणसाने या पेपरातून नेमकं काय उचलायचं. हे सगळं सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. रिव्ह्यूअरला तुमचं नाव कळू नये म्हणून फाईलमधून नाव काढा, वर्डच्या प्रॉपर्टीजमधूनसुद्धा काढा, हेही. किती जण काढतात?

तळटीप
व्वा. माझ्या पेपरचं पोस्टमॉर्टेम जाहीर चौकात केल्याबद्दल आभारी आहे. रिव्ह्यूअरला नाव दिसत नाही म्हणता. संपादकाला तर दिसतं ना? आणि पेपर कोणी परत केला? संपादकाने! म्हणजे माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

दुसरं. तुम्ही ज्या सूचनांचं कौतुक करताय त्या एका पानावर कधी असतात का? अर्ध्या जर्नलच्या साईटवर, अर्ध्या प्रकाशकाच्या साईटवर, उरलेल्या पेपर अपलोड करताना लाल अक्षरांत उगवतात. एकीकडे 'संदर्भ एपीएप्रमाणे', दुसरीकडे 'कुठल्याही पद्धतीने चालतील'. जगाला सूचना कशा लिहाव्यात हे शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या सूचना अशा. दिव्याखाली अंधार.

पुण्यात एसीत बसून हे सुचतं, ताई. आमच्या कॉलेजात आठवड्याला बावीस तास शिकवून, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली भरून, रात्री अकराला पेपर लिहायचा असतो.

बिनपाण्याचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण मुळात पेपर लिहायचाच कशाला, हे कोणी सांगेल का? मी एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसं बोलायचं त्याची) डॉक्युमेंटेशन लिहितो. आजवर एकाही मॅनेजरने इंटरव्ह्यूत माझा पेपर विचारला नाही. आणि त्या एसटीसीचं काय झालं? १९५३ पासूनची संस्था, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून दुकान बंद. आणि तुम्ही सारांशाखाली मुद्दे लिहीत बसा.

मुळाक्षर
@तळटीप, एसी बंद आहे. घरून काम करतेय आणि समोर धुण्याचा ढीग आहे. संपादकाला नाव दिसतं हे मान्य. सूचना विखुरलेल्या असतात हेही मान्य, त्यावर तर कोणीतरी पेपरच लिहायला हवा. पण विखुरलेल्या असतात म्हणून वाचायच्याच नाहीत?

@बिनपाण्याचा, एसटीसीच्या भारतातल्या चॅप्टरच्या परिषदेला मी जायचे, बातमी वाचून वाईट वाटलं. पण बाकीचे आहेत ना. 'टेक्निकल कम्युनिकेशन क्वार्टर्ली' टेलर अँड फ्रान्सिसकडे आहे, सेजची दोन आहेत, आयट्रिपलईचं आहेच. का लिहायचं म्हणाल, तर मी जे सोळा वर्षं करतेय त्याला आपल्या ऑफिसात 'इंग्लिश बघून दे' म्हणतात. ते त्याहून काही जास्त आहे, हे कुठेतरी लिहिलेलं हवं होतं मला.

परदेशस्थ पोहे
अमेरिकेत याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून थोडं. आमच्या प्राध्यापकांचे पेपरही दारातूनच परत येतात. बहुतेकदा कारण एकच: पेपर त्या जर्नलमध्ये आधी चाललेल्या चर्चेशी बोलतच नाही. गेल्या दोन वर्षांचे अंक चाळायचे, आपल्या प्रश्नावर कोण काय म्हणालंय ते बघायचं आणि तिथून सुरुवात करायची. संपादकाला आधी चार ओळींची ईमेल टाकून 'हा विषय तुमच्याकडे बसतो का' विचारलं तरी चालतं. सरांनी विचारलं होतं का?

तळटीप
दोन वर्षांचे अंक चाळायचे! कुठून हो? 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन'चा, सरकारने जर्नल्सची वर्गणी भरायच्या योजनेचा, गाजावाजा झाला. सहा हजार कोटी, तेरा हजार जर्नल्स. जानेवारी २०२५ पासून मिळतात ती सरकारी संस्थांना. आमचं कॉलेज खाजगी विनाअनुदानित. आमच्या मुलांचा नेशन वेगळा असावा. एक लेख उघडायला डॉलरमध्ये पैसे मागतात. मी सारांश वाचून संदर्भ दिले, होय दिले. काय करता?

परदेशस्थ पोहे
हे मात्र मला इथे बसून लक्षात आलं नव्हतं. लेखकाला थेट ईमेल केली तर बहुतेक जण पीडीएफ पाठवतात. तरी तुमचा मुद्दा खरा आहे.

तळटीप
'खरा आहे' म्हटल्याबद्दल धन्यवाद. फ्रेम करून लावतो.

आणि आम्हाला पेपर हौस म्हणून लागत नव्हता. यूजीसीच्या २०१६च्या पीएचडीच्या नियमात थीसिस देण्याआधी एक पेपर सक्तीचा होता. २०२२ मध्ये सक्ती काढली. पण विद्यापीठांच्या डोक्यातून कुठे निघाली? बरं, चांगलं जर्नल म्हणजे कोणतं? आधी यूजीसीची मान्य जर्नल्सची एक यादी होती, २०१८ मध्ये तिच्यातून एका झटक्यात ४,३०५ नावं उडाली. मग यूजीसीचीच केअर लिस्ट ही नवी यादी आली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद. आता तुम्हीच ठरवा म्हणे. या गोंधळात व्हॉट्सअ‍ॅपवर 'तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांक, सोबत प्रमाणपत्र' असे मेसेज येतात. माझ्या सहकाऱ्यांनी तिथे पैसे भरून चार-चार पेपर छापले. मी नाही छापले. मी नीट ठिकाणी पाठवला आणि नवव्या दिवशी तो परत आला. वर तुम्ही मलाच शहाणपण शिकवता.

मुळाक्षर
हे तुम्ही मूळ पोस्टमध्ये लिहिलं असतं, तर मी हा धागा काढलाच नसता.

माझंही ऐका. माझा पहिला पेपर तीन फेऱ्यांनी लागला. पहिल्या फेरीत दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं: 'मातृभाषा इंग्रजी असलेल्या कोणाकडून तपासून घ्या.' सोळा वर्षं इंग्रजीत लिहून पोट भरतेय आणि हे! दोन दिवस नवऱ्याशी धड बोलले नाही, त्याचा काहीही दोष नसताना. तिसऱ्या दिवशी फाईल उघडली. पहिल्याच पानावर 'द सेम' तीनदा. 'वापरकर्त्याने फॉर्म भरला आणि द सेम सबमिट केला.' आपलं सरकारी इंग्रजी. मातृभाषेचा टोमणा चुकीचाच होता, पण 'द सेम' मी तिन्ही ठिकाणी काढलं.

खरी अडचण वेगळीच होती. मी आमच्या सॉफ्टवेअरची मदत-पानं बारा जणांना वापरायला देऊन बघितली होती. रिव्ह्यूअर म्हणाला, माणसांवर अभ्यास केलात, तर नैतिकता समितीची परवानगी दाखवा. कंपनीत कसली आलीय समिती? आणि स्क्रीनशॉट टाकायचे तर लीगल म्हणतं एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार. शेवटी एका ओळखीच्या प्राध्यापिकेला सहलेखक घेतलं, तिच्या कॉलेजच्या समितीकडून आधी मंजुरी आणली आणि सगळी टेस्टिंग पहिल्यापासून पुन्हा केली. अकरा महिने गेले. हा अडथळा खरा आहे, आडनावाचा नाही.

कपाशीवाला
तुम्ही सगळे सॉफ्टवेअरवरच अडकलात. माझं खताचं आणि औषधांचं दुकान आहे, जिल्हा यवतमाळ. टेक्निकल कम्युनिकेशन बघायचं तर कीटकनाशकाच्या डब्यातलं पत्रक बघा.

कायद्याने ते प्रादेशिक भाषेत द्यावं लागतं, म्हणून मराठी असतं. आठ घड्या घातलेला कागद, मुंगीएवढी अक्षरं. डोस दिलेला हेक्टरला. मजूर मोजतो पंपात, पंधरा लिटरच्या. शेतकरी मोजतो एकरात. आणि औषध मोजलं जातं झाकणाने. हेक्टरचे एकर, एकराचे पंप, पंपाची झाकणं, हे गणित बांधावर कोण करणार? माझ्याच दुकानात उभं राहून विचारतात, 'भाऊ, पंपाले किती झाकनं?'

आणि डब्यावरचा तो रंगीत त्रिकोण. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. एकदा फवारणीच्या एका मजुराला विचारलं, हा रंग कशाचा? म्हणाला, 'हिरवा कपाशीले, लाल मिरचीले.' दुसरा म्हणाला, पिवळा म्हणजे सौम्य, कारण सिग्नलला पिवळ्यात थांबावं लागत नाही. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. कारणं बरीच होती, सगळी पत्रकावर ढकलत नाही. पण त्या कागदाचा अभ्यास तुमच्यापैकी कोणी केला का?

बिनपाण्याचा
हे वाचून पॉपकॉर्न खाली ठेवलं.

तळटीप
कपाशीवाले भाऊंचा मुद्दा फार मोलाचा आहे, पण अवांतर. शिवाय हा कृषी विस्ताराचा विषय झाला. टेक्निकल कम्युनिकेशनवाले घेणार नाहीत.

मुळाक्षर
अवांतर?? सर, हाच तर विषय आहे! धोक्याची सूचना, मापाचं एकक, वाचणारा कोण, तो उभा कुठे, त्याचे हात कशाने बरबटलेत. या क्षेत्रात धोक्याच्या लेबलांवर कितीतरी लिहिलं गेलंय. पंधरा मजुरांना ते पत्रक द्या, 'या पंपात किती टाकाल' विचारा आणि प्रत्यक्ष मोजून दाखवायला सांगा. पाणी वापरा, औषध नको. त्यांनी काय मोजलं आणि पत्रकाप्रमाणे किती हवं होतं, हा झाला पेपर. सात पाय चार्टपेक्षा शंभर पटीने बरा.

तळटीप
पाय चार्ट किती वेळा काढणार आहात?

परदेशस्थ पोहे
मुळाक्षर ताईंशी सहमत. फक्त पेपर इंग्रजीत लिहावा लागेल. मजुरांची वाक्यं मूळ वऱ्हाडीत ठेवून शेजारी भाषांतर द्यायचं.

कपाशीवाला
म्हणजे आमची माणसं चुकीचं झाकण मोजतात हे अमेरिकेला इंग्रजीत कळणार. ज्या कंपनीने ते पत्रक छापलं, तिला कधी कळणार? मराठीत छापा ना.

बिनपाण्याचा
मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेला द्या की.

मुळाक्षर
पत्रिकेत लेख जरूर येऊ दे, पण ते विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याचं काम. पद्धत, आकडे, रिव्ह्यूअरची झाडाझडती, ही वेगळी गोष्ट. एकच पेपर दोन जर्नल्सना पाठवायचा नसतो, पण पेपर छापून आल्यावर मराठीत सोपा लेख लिहायला कोणी अडवत नाही.

तळटीप
म्हणजे पुन्हा आधी इंग्रजी, मग उरलंसुरलं मराठीला. वाटलंच होतं.

मुळाक्षर
मग लिहा ना तुम्ही मराठीत! अडवलंय कोणी? साठ मुलांचा गूगल फॉर्म इंग्रजीतच होता ना?

परदेशस्थ पोहे
मंडळी, हलके घ्या.

तळटीप
हलके घ्या म्हणणाऱ्यांचं बरं असतं, त्यांना स्टायपेंड मिळतो.

कपाशीवाला
भांडा नंतर. मी पत्रकं देतो, माणसं गोळा करतो. जूनमध्ये पेरण्या, फवारणी जुलै-ऑगस्टला जोरात. त्याआधी यायचं तर या. समिती का काय ती कोणाच्या कॉलेजात आहे?

(मध्ये दोन तास कोणी काही लिहिलं नाही.)

तळटीप
आमच्या कॉलेजात आहे. कागदावर आहे, पण आहे. सदस्य सचिव मीच आहे, म्हणजे माझ्या अर्जावर मला बसता येणार नाही, ते बघावं लागेल. कपाशीवाले, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ताई, तुम्हाला सूचना वाचायची एवढी हौस आहे, तर जर्नल निवडण्याचं काम तुमचं. सारांश मथळ्यांखाली तोडायचा का सलग लिहायचा, तेही तुम्हीच बघा.

मुळाक्षर
बघते. आणि गेल्या वेळची फाईल पुन्हा वापरणार असाल, तर प्रॉपर्टीजमधलं नाव काढा.

तळटीप
आत्ताच उघडून बघितली. माझं नाव नाहीच तिथे. लेखक: झेरॉक्स सेंटर, पीसी ३. फॉरमॅटिंग त्यांच्याकडेच करून घेतलं होतं.